ताकिनोआजींनी घराची घडी घातली

"एक दोरी ओढली की घर उभं राहतं, दुसरी ओढली की घराची घडी होते. लहान मूल असो नाहीतर पंच्याऐंशीची आजी, कुणीही ओढावी. यात चुकायला जागाच ठेवलेली नाही."

त्या दिवशी सकाळपासून तोगाशी योहेई भेटेल त्याला हेच ऐकवत होता. शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराला ऐकवलं, चहाचे थर्मास उतरवणाऱ्या बायकांना ऐकवलं, आणि खास तोक्योहून आलेल्या ओबाताबाईंनाही ऐकवलं. ओबाताबाईंनी मान लववून "फार रंजक आहे" एवढंच म्हटलं. हे वाक्य आमच्याकडे कौतुकालाही चालतं आणि नकारालाही, त्यामुळे तोगाशीने ते आपल्या सोयीने घेतलं.

तोगाशी विद्यापीठात संशोधक होता. कासुगाई सरांच्या ज्या प्रयोगशाळेत तो काम करी, तिथे मोठमोठी शिकलेली माणसं दिवसभर कागदाच्या घड्या घालत बसत. घड्या घालून झाल्या की त्यांचं गणित मांडत, आणि गणित जमलं की त्याच घड्या पत्र्याला, प्लास्टिकला, कशाकशाला घालून बघत. तोगाशीला तर हे वेडच होतं. बायकोने, म्हणजे मिकियोने, चादर झटकली की तो चादरीच्या सुरकुत्यांकडे बघत उभा राही, आणि ती दुसरं टोक धरायला सांगून सांगून थकून जाई. गावामागच्या बर्फाच्या डोंगरांकडे बघून त्याला वाटे, कुणीतरी एक भला मोठा कागद चुरगळला, मग वाईट वाटून थोडासा सरळ केला आणि तसाच ठेवून दिला. या विचारात त्याने आजवर कितीतरी बसगाड्या चुकवल्या होत्या.

पण या घराची गोष्ट निराळी होती. तोगाशी लहान असताना त्यांच्याकडे मोठा भूकंप झाला होता आणि सगळी आळी शाळेच्या सभागृहात जाऊन राहिली होती. जमिनीवर अंथरुणाला अंथरूण लागलेलं, मध्ये भिंत म्हणून नाही. त्याच्या आईला कपडे बदलायचे असले की तो दोन्ही हातांनी टॉवेल धरून उभा राही. टॉवेल तोकडा, हात त्याहून तोकडे. आई घाईघाईत बटणं लावी आणि वरचं बटण खालच्या काजात जाई. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक घर होतं, गादीसारखं गुंडाळून ठेवायचं आणि वेळ आली की एका दमात उलगडायचं.

त्या घराच्या भिंती त्याला सापडल्या स्फटिकात. स्फटिकात कण कसे ओळीने बसलेले असतात, एकाला ढकललं की सगळे शिस्तीत एकाच दिशेने सरकतात, तसे त्याने भिंतीत छोटे छोटे कप्पे बसवले. कप्प्याचा आकार कसा, घडी कुठे, किती, हे ठरवायचं काम संगणकावर सोपवलं. संगणकाने महिनोन्‌महिने लाखो आकार घडवले आणि मोडले. त्याला एकच आज्ञा होती: वजन कमीत कमी, ताकद जास्तीत जास्त, फुकट जागा अजिबात नको. पहिल्याच दिवशी त्याने तोगाशीच्या चित्रातली दारामागची बूट काढायची जागा खाऊन टाकली. तिथे कुणी बसत नाही, झोपत नाही, मग ठेवायची कशाला? तोगाशीला तर तो आकार इतका देखणा वाटला की काय गेलं हे त्याने पाहिलंच नाही.

असं घर जगात एकच होतं. दुसरं करायला वेळही नव्हता, कारण येत्या मार्चमध्ये तोगाशीच्या नोकरीची मुदत संपत होती. ओबाताबाई ज्या प्रतिष्ठानाकडून आल्या होत्या, त्याने अनुदान दिलं तर आणखी दोन वर्षं मिळणार. नाही दिलं तर सासऱ्यांचा कारखाना होताच. शिमागाकी म्हणजे त्याचे सासरे. माशाच्या लगद्याचे वाफवलेले गुलाबी-पांढरे रोल बनवायचा त्यांचा पिढीजात कारखाना, आणि त्यांनी जावयासाठी हिशेबनिसाच्या शेजारी खुर्ची टाकूनही ठेवली होती. माणूस वाईट नव्हता, पण टोमणा मारल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे.

"जावईबापू," ते जेवताना म्हणत, "माझा मासा दिसतो, त्याला वास येतो आणि तो विकला जातो. तुमच्या घडीचं यातलं काय होतं?"

तोगाशी हसून भात पुढे ओढी. खुर्चीवर बसायला त्याची हरकत नव्हती. पण तिथे बसल्यावर डोक्यातलं घर डोक्यातच राहील, हे त्याला ठाऊक होतं.

तर मे महिन्यातल्या त्या दिवशी गावात भूकंपाची कवायत होती. भोंगा वाजला की सगळ्यांनी पिशवी घेऊन शाळेच्या मैदानात जमायचं. आळीच्या समितीचे प्रमुख शिमागाकीच, त्यामुळे जावयाचं घर कवायतीत घुसवणं त्यांनीच जमवलं होतं. समोर समुद्र, मध्ये फक्त शाळेची भिंत. तीसेक माणसं रांगेत उभी होती. तोगाशीने दोरी ओढली. कबुतरांचा थवा उडावा तसा आवाज झाला आणि मैदानाच्या मधोमध पांढरंशुभ्र घर उभं राहिलं. रांगेतून एक लांबलचक "ओहोहो" निघालं. कासुगाई सर एरवी मृत्यूची बातमीही हवामानासारखी सांगणारे, पण त्यांचीही भुवई वर गेली.

रांगेत सगळ्यात पुढे ताकिनोआजी होत्या. या शेजारच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या पांथशाळेत आयुष्यभर काम करून निवृत्त झालेल्या. पाठीत वाकलेल्या, पण नजर अशी की कोपऱ्यातला केसही सुटू नये. त्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनी आत पाहिलं, खाली पाहिलं, मग तोगाशीकडे पाहिलं.

"बूट कुठे काढायचे?" त्यांनी विचारलं.

तोगाशीला संगणकाने खाल्लेली जागा आठवली. तो म्हणाला की आजी, भूकंप झालाय असं समजायचं, बुटांसकट आत चला. आजी एक पाऊल मागे सरकल्या. भूकंप झाला म्हणून काय लोकांच्या घरात चिखल न्यायचा, असं त्या कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या. मागची रांग जागच्या जागी मान डोलवू लागली. बूट बाहेर काढावेत तर जमीन ओली. आत काढावेत तर दारापासूनच बसायची जागा सुरू होत होती. तीस माणसं, घर रिकामं, आणि आत पाय टाकायला एकही तयार नाही. ओबाताबाई शांतपणे पाहत होत्या.

मार्ग काढला शिमागाकींनी. त्यांनी आत वाकून पाहिलं तर भिंतीच्या पायथ्याशी कप्प्यांची ओळच्या ओळ, एकेक कप्पा बरोबर एका जोडाएवढा.

"अहो, हे काय, केलीय की सोय," ते ओरडले. "एका कप्प्यात एक जोड. टाचा आत, टोकं बाहेर. चला, चला."

लोकांना केवढा आनंद झाला. एकेकाने बूट काढले, कप्प्यात नीट जोडीने ठेवले, पिशवीतून आणलेल्या, घरात घालायच्या सपाता पायात घातल्या आणि आत शिरताना तोगाशीपुढे वाकून म्हटलं की किती बारीक विचार केलाय तुम्ही. कासुगाई सरांनी आपले खास बूटही तिथेच ठेवले. त्यांचा एक पाय आखूड असल्याने एका बुटाला जाड तळ होता. ओबाताबाईंचे काळे बूट तर कप्प्यात असे बसले की जणू मापच घेतलं होतं. "बुटांची सोय भिंतीतच. वा," त्या म्हणाल्या. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं खरं कौतुक.

आता खरी गोष्ट अशी होती की ते कप्पे बुटांचे नव्हतेच. घडीच्या सगळ्या बिजागऱ्या त्या कप्प्यांत होत्या. घर मिटताना हलायचे ते हेच कप्पे, आणि तिथे टाचणीही असता कामा नये. हे तोगाशीने त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ओबाताबाई त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या, आणि कासुगाई सर पहिल्यांदाच आपला हाच तो विद्यार्थी अशा चेहऱ्याने उभे होते. अशा वेळी "नाही हो, ते चुकून झालंय" म्हणायला जी जीभ लागते ती आमच्याकडे फारशी कुणाला मिळत नाही. तोगाशी कमरेत वाकला आणि म्हणाला, "छे, छे, त्यात काय एवढं." घर मिटायच्या आधी बूट काढून घेऊ, एवढा साधा विचार त्याने केला.

आत गेल्यावर मात्र त्याला बूट, बिजागऱ्या, मार्च महिना, सगळ्याचा विसर पडला. भिंतींच्या कप्प्याकप्प्यांतून ऊन गाळून येत होतं, दुधासारखं पांढरं, आणि घडीच्या रेघेवर जरासं निळसर. बाहेर बडबड करणारी माणसं आत येताच हळू बोलू लागली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. चहाचे पेले हातोहात फिरले, शिमागाकींनी लांब सुरीने रोल कापून गुलाबी-पांढऱ्या चकत्या वाटल्या. मुळ्याच्या आत बसल्यासारखं वाटतंय, असं कुणीतरी पुटपुटलं आणि सगळे बराच वेळ त्यावर विचार करत बसले. ताकिनोआजींनी भिंतीला पाठ टेकली, दोन घोट चहा घेतला आणि त्यांचा डोळा लागला. तोगाशी एका कोपऱ्यात बसून हे पाहत होता. दोन बायका आतल्या आडव्या भिंतीमागे जाऊन कोट बदलून आल्या, नुसतं जमतंय का हे बघायला. बाहेर आल्या तेव्हा त्यांची बटणं नीट लागलेली होती. तोगाशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने चहावर ढकललं.

तेवढ्यात खांबावरचा गावाचा भोंगा खरखरला. हा भोंगा एरवी भूकंपाची सूचना देतो, नाहीतर हरवलेल्या म्हाताऱ्यांची वर्णनं सांगतो. आज तो अतिशय शांतपणे म्हणाला की खाडीवर मृगजळ दिसत आहे, समोरचा किनारा उचलला गेला आहे.

आमच्याकडे मृगजळ दिसलं की न्हावी अर्धी दाढी सोडून निघतो. डोंगरावरचं बर्फाचं पाणी खाडीत उतरलेलं असावं, वर ऊन तापलेलं असावं, वारा पडलेला असावा, तेव्हा कुठे ते पाच-दहा मिनिटं दिसतं. सगळे उठले आणि जसे होते तसे, घरातल्या सपातांनिशी, मैदानातून शाळेच्या भिंतीकडे धावले. घरातल्या सपाता मातीला लावणं म्हणजे उष्टा हात लोणच्याच्या बरणीत घालणं, पण मृगजळापुढे तेही माफ होतं. कासुगाई सर लंगडत निघता निघता तोगाशीला सांगून गेले की घराजवळ कुणीतरी थांबा. तोगाशी थांबला. मग क्षणभरच बघू म्हणून फाटकापर्यंत गेला. मग भिंतीपर्यंत गेला.

पलीकडच्या काठावरच्या गोदामांचे बुरूज झाले होते. धुराडी ताणली जाऊन आभाळाला टेकली होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचंच दुसरं रूप उलटं उभं होतं. तोगाशीला वाटलं, शाई ओली असतानाच कुणीतरी समुद्राच्या रेघेवर जगाची घडी घातली आणि खालचं वर उमटलं. ओबाताबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.  मग तोगाशीने त्यांना टॉवेलची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, अर्जात ती कुठेच नव्हती. ओबाताबाई मृगजळाकडेच बघत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, आई काही म्हणायची का? तोगाशी म्हणाला, "म्हणायची, हात खाली घे, दुखतील." एवढ्यात वारा सुटला, बुरूज वितळले, गोदामं पुन्हा गोदामं झाली आणि लोक सुस्कारा टाकून मागे वळले.

मैदानात घर नव्हतं.

घराच्या जागी एक गाठोडं होतं, चांगलं मोठं, आणि त्याच्यापाशी ताकिनोआजी हात झटकत उभ्या होत्या. डोळा उघडला तेव्हा त्या पांढऱ्या खोलीत एकट्याच होत्या. पाहुणे गेलेले, पेले तसेच पडलेले, खोली पसरलेली. अर्धवट झोपेत त्या पुन्हा पांथशाळेत जाऊन पोहोचल्या होत्या, आणि चाळीस वर्षं जे केलं तेच त्यांच्या हातांनी केलं. पेले गोळा केले, केर काढला, बाहेर आल्या आणि दोरी ओढली.

"आवरून ठेवलं हो," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "खरंच एका दोरीत झालं. शिमागाकींचे जावई खोटं नव्हते बोलत."

तीस माणसं सपातांत उभी होती. नेहमी ते घर मिटलं की एका गादीएवढं होई, आज ते गाठोडं पोटुशी बाई दिसावी तसं दिसत होतं, आणि पोटात काय आहे हे सगळ्यांनाच कळलं होतं.  शेवटी शिमागाकींनी घसा साफ केला आणि काय घडी घातलीत आजी, असं म्हटलं. मग सगळ्यांनीच सुरू केलं. अशी घडी आजकाल बघायला मिळत नाही म्हणे. कडा कशा जुळल्यात म्हणे. तोगाशीही दोनदा वाकून घडीला छान म्हणाला. 

त्याने उघडायची दोरी ओढली. काही झालं नाही. कासुगाई सरांनी ओढली, दोघांनी मिळून ओढली. घड्यांनी बुटांना पोटात घेऊन असं घट्ट धरलं होतं की आतली एकही बिजागरी हलेना. संगणकाने ताकद जास्तीत जास्त ठेवली होती, त्याला कोण काय म्हणणार?

मग सुरू झाला तो प्रकार फक्त आमच्याकडेच होऊ शकतो. प्रत्येक जण तोगाशीजवळ येऊन आपले बूट किती टाकाऊ होते ते सांगू लागला. एकाचे म्हणे उद्याच फेकायचे होते. एकीचे चावत होते, सुटले म्हणे पाय. शिमागाकींचे मिकियोच्या लग्नात घेतलेले, वर्षातून एकदा पॉलिश करून खोक्यात ठेवायचे बूट होते, तेही हवेत हात उडवून म्हणाले की त्यांना वास येत होता. कासुगाई सर, ज्यांना जाड तळाशिवाय दहा पावलंही धड टाकता येत नाहीत, म्हणाले की सपातांत चालणं आरोग्याला उत्तम. ओबाताबाईंची तोक्योची गाडी तासाभराने होती आणि दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठानाच्या बैठकीत त्यांना याच घराबद्दल बोलायचं होतं. त्या आपल्या पातळ सपातांकडे बघून म्हणाल्या, "गाडीत काय, बसूनच तर जायचंय."

कासुगाई सरांनी तोगाशीला बाजूला घेतलं. उघडायला एकच मार्ग होता, कापणं. कापलं तर जगातलं एकमेव घर गेलं, आणि घर गेलं की अर्ज गेला, मार्च आला. लोक नको म्हणताहेत, तर आज असंच नेऊ, प्रयोगशाळेत सावकाश बघू, सर हलक्या आवाजात म्हणाले. आणि ते बरोबरच होतं. तोगाशीने मान हलवली.

पण पुरत्या जाग्या झालेल्या ताकिनोआजींच्या नजरेतून केस सुटत नाही तिथे तीस जोड काय सुटणार. त्यांनी आधी लोकांच्या पायांकडे पाहिलं. मग गाठोड्याच्या पोटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो प्रसन्नपणा हळूहळू उतरत गेला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ओल्या मातीवर गुडघे टेकायला सुरुवात केली, सगळ्या गावासमोर कपाळ जमिनीला लावून माफी मागायला.

तोगाशीला ते बघवलं नाही. अजिबात बघवलं नाही. त्याने धावत जाऊन त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"आजी, उठा. तुम्ही बरोबर केलंत. कवायतीत हे होतंच."

"काय होतं?"

"घडी करायची आणि कापायची. स्फटिक आतून कसा आहे ते बघायचं तर कापावाच लागतो. बूटसुद्धा मुद्दामच ठेवले होते." मग तो सासऱ्यांकडे वळला. "बाबा, सुरी द्या."

शिमागाकींना पक्कं ठाऊक होतं की असं घर दुसरं नाही. त्यांना खुर्चीही आठवली असणार, कारण एरवी तोंडाशी आलेला टोमणा त्यांनी त्या दिवशी गिळला. पदराला पुसावी तशी त्यांनी सुरी आपल्या एप्रनला दोनदा पुसली आणि मूठ जावयाच्या हातात दिली.

"नक्की ना रे?" ते एवढंच म्हणाले.

तोगाशीने सुरी टेकवली आणि ओढली. माशाची सुरी ती, लोण्यातून जावी तशी गेली. कासुगाई सरांनी डोळे मिटून घेतले. गाठोडं कलिंगडासारखं दोन बाजूंना उघडलं आणि सगळे पुढे वाकले.

आत कप्प्यांच्या ओळी होत्या, एकीवर एक, एकीआड एक, कुठे तसूभर फरक नाही. आणि प्रत्येक कप्प्यात एक जोड, टाचा आत, टोकं बाहेर. सरांचा जाड तळाचा बूट, शेजारी शिमागाकींचा लग्नातला, वर आजींचे छोटे तपकिरी, त्यांच्याशेजारी ओबाताबाईंचे काळे. एकाही बुटाला चुणी पडली नव्हती, एकाचीही नाडी सुटली नव्हती. मेच्या उन्हात ते पांढरे कप्पे दुधासारखे उजळले आणि घडीच्या रेघांवर तेच निळसर पाणी चढलं. सगळं गाव आपल्याच बुटांकडे बघत उभं राहिलं, मघाशी मृगजळाकडे बघत उभं होतं तसं. तोगाशीही बघत राहिला. इतके महिने त्याने हे फक्त संगणकाच्या पडद्यावर पाहिलं होतं.

ओबाताबाई खाली बसल्या. त्यांनी एका कप्प्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तोगाशीसान," त्या म्हणाल्या, "तुमचा अर्ज मी तीनदा वाचला होता. मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. आज कळलं."

मग एकेकाने आपापले बूट उचलले, घातले आणि जाताना वाकून आभार मानले. ताकिनोआजी शेवटी उरल्या. नाडी बांधून झाल्यावर त्यांनी तोगाशीच्या कोटावरचा पांढरा तुकडा चिमटीने काढला. "पोरा, खोटं बोलायचा सराव नाही तुला," त्या म्हणाल्या. "पण बरं बोललास." आणि तो तुकडा त्यांनी जपून खिशात टाकला, केर होऊ नये म्हणून.

ओबाताबाई स्वतःच्या बुटांत स्टेशनवर गेल्या. गाडीत चढताना त्यांनी कासुगाई सरांना सांगितलं की आम्ही याचा सकारात्मक विचार करू. इथे तोगाशीने हात टेकले. सकारात्मक विचार करू म्हणजे नाही, हे आमच्याकडे शाळेतली मुलंही जाणतात. त्याने प्रयोगशाळेतलं टेबल आवरायला घेतलं, आणि जूनमध्ये एका रविवारी कारखान्यात जाऊन त्या खुर्चीवर बसूनही पाहिलं. खुर्ची मऊ होती. हिशेबनीस भला माणूस होता. तोगाशी त्याच्या टायच्या गाठीतल्या घड्यांकडे इतका वेळ बघत बसला की तो बिचारा कानकोंडा झाला.

जुलैत ओबाताबाईंचा फोन आला. कासुगाई सरांनी तोगाशीला बोलावलं आणि फोनचा आवाज मोठा केला. अर्ज मंजूर झाला होता. दोन वर्षं! तोगाशी फोनसमोर कमरेत वाकला, सर वाकले, आणि पलीकडे ओबाताबाईही वाकल्या असाव्यात, कारण आवाज जरा लांब गेला. जवळ येऊन तो आवाज म्हणाला की एकच बारीकशी गोष्ट आहे. बैठकीत त्यांनी कापलेल्या गाठोड्याचा फोटो दाखवला तेव्हा सगळे अध्यक्षासकट उठून जवळ आले होते. तीस जोड, इतक्याशा जागेत, आणि एकालाही चुणी नाही! आपत्ती विभागाने नाही, तर गृहोपयोगी वस्तू विभागाने अनुदान द्यायचं ठरवलं होतं. शाळा, देवळं, पांथशाळा, सगळीकडे मागणी येईल असं घडीचं बुटांचं कपाट तोगाशीने करायचं होतं. घराचं पुढे कधीतरी बघू, त्याचाही सकारात्मक विचार होईल.

त्या दिवशी जेवायला शिमागाकी आले होते. मिकियोने बातमी ऐकली आणि बराच वेळ भाताच्या भांड्यात पळी फिरवत राहिली. माणसांसाठी केलेलं घर बुटांना गेलं, वाईट वाटतं का, असं तिने हळूच विचारलं. शिमागाकीसुद्धा घास हातात धरून थांबले.

तोगाशीने खिडकीबाहेर पाहिलं, डोंगराच्या घड्यांकडे, आणि थोडा विचार केला.

"वाटतं ना," तो म्हणाला. "पण बुटांचं एक बरं असतं. दारात थांबून ते कुणाला काही विचारत नाहीत."